वजनाच्या भावात

68 मिलिमीटरचं बोअर, 75 मिलिमीटरचा स्ट्रोक आणि चार सिलिंडर. हिशेब केला की 1089 सीसी येतात. जालन्याच्या जुन्या फियाटवाल्या मिस्तरींना हे आकडे तोंडपाठ असायचे, कारण बाहेरगावाहून पिस्टन-रिंगा मागवताना तेच सांगावे लागत आणि एखादा आकडा चुकला की माल परत पाठवण्यात आठवडा जाई. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून 1954 च्या सुमारास फियाट 1100 बाहेर पडायला लागली तेव्हा तिच्या पोटात हेच इंजिन होतं. पुढे नावं बदलत गेली, एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, डिलाइट, प्रेसिडेंट आणि सरतेशेवटी पद्मिनी. पेट्रोलच्या गाडीतले 68 आणि 75 मात्र जागचे हलले नाहीत.

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे, जिथे पिकासो आणि मातीस बघायला लोक रांगा लावतात तिथे, एक छोटी लाल मोटार आहे. इटलीतल्या तोरिनो शहरात घडलेली, जेमतेम दोन माणसांची. चिसितालिया 202 तिचं नाव. 1972 मध्ये ती या संग्रहालयात दाखल झाली. त्यांच्या कायमच्या संग्रहातली ती पहिली मोटार. मोटारीच्या आकाराचा विषय निघाला की जाणकार हिचं नाव घेतल्याशिवाय पुढे जात नाहीत. तिच्या बॉनेटखालीही 68 आणि 75च आहेत.

आमच्या गावाला लोखंडाचं वजन कळतं, आकार कळत नाही, असं माझं जुनं मत आहे. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण कापसाच्या आणि व्यापाराच्या भरभराटीतली. आताचा पाळणा लोखंडाचा आहे. औद्योगिक वसाहतीत रात्रंदिवस इंडक्शन भट्ट्या चालतात. ट्रक भरभरून भंगार येतं, वितळतं, त्याचे बिलेट पडतात, बिलेटच्या सळया होतात आणि त्या राज्यभर जातात. भंगाराच्या वजनकाट्यावर शिलाई मशीन, नांगराचा फाळ, रुग्णालयातली खाट आणि मोटारीचा दरवाजा यांत फरक राहत नाही. सगळं किलोवर. अशा गावात जन्म काढलेल्या माणसाने एका इटालियन मोटारीच्या कमनीयतेवर लिहावं हे थोडं चावटपणाचं आहे, पण इंजिन आपलंच निघाल्यावर गप्प तरी कसं बसणार?

ते इंजिन 1937 सालचं. फियाटच्या 508 सी या गाडीसाठी ते तयार झालं आणि त्या कामामागचा मुख्य माणूस होता दान्ते जाकोझा. वय वर्षं बत्तीस. आदल्याच वर्षी त्याने ‘तोपोलिनो’ नावाची चिमुकली मोटार रस्त्यावर आणली होती. जाकोझाचं वैशिष्ट्य असं की त्याला श्रीमंतांच्या गाड्यांत फारसा रस नव्हता. कमी लोखंडात, कमी पेट्रोलमध्ये चार माणसं कशी नेता येतील हा त्याचा ध्यास. 508 सीचं इंजिन लहान, हलकं, व्हॉल्व्ह वरच्या बाजूला, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. 32 अश्वशक्ती. कागदावर यात भुलण्यासारखं काही नाही. पण त्याला ताणलं तर ते ताणलं जायचं, तुटायचं नाही. ज्या यंत्राच्या अंगात बनवणाऱ्याने थोडी शिल्लक ठेवलेली असते तेच पुढे पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. ही शिल्लक जाकोझाने कंजूषपणाच्या मर्यादेत राहून ठेवली, हे मला जास्त कौतुकाचं वाटतं.

महायुद्ध संपलं तेव्हा इटलीत रेसिंगसाठी वेगळं इंजिन घडवायला ना पैसा होता ना धातू. प्येरो दुझिओ नावाच्या एका उद्योगपतीला मात्र तेव्हाच शर्यतीच्या गाड्यांचा कारखाना काढायची हुक्की आली. तरुणपणी युव्हेंटसकडून फुटबॉल खेळलेला, पुढे त्याच क्लबचा अध्यक्ष झालेला आणि पैसा केलेला कापडाच्या धंद्यात. त्याने जाकोझाला गाठलं. जाकोझा दिवसा फियाटची नोकरी करायचा आणि संध्याकाळी दुझिओसाठी कागदावर रेघा मारायचा. रेघा मारायच्या त्याही बाजारात मिळणारे फियाटचेच सुटे भाग धरून, कारण दुसरं काही मिळतच नव्हतं. त्यातून डी 46 ही एका माणसाची शर्यतीची गाडी झाली. सप्टेंबर 1946 मध्ये तोरिनोतच, वालेंतिनो बागेतल्या रस्त्यांवर तिची पहिली शर्यत झाली आणि खुद्द दुझिओनेच ती जिंकली. त्याच शर्यतीत तात्सिओ नुवोलारी या त्या काळच्या सर्वांत गाजलेल्या ड्रायव्हरच्या गाडीचं स्टिअरिंग निखळून हातात आलं. थांबला तर तो नुवोलारी कसला! एका हातात ते चाक धरून तो गाडी हाकतच राहिला. त्याचं छायाचित्र आहे. अंबडच्या रस्त्याला जीपमध्ये टपावर माणसं बसवून, फुटलेल्या काचेतून डोकं बाहेर काढून हाकणारे ड्रायव्हर ज्यांनी पाहिलेत त्यांना त्या छायाचित्रात फार अनोळखी काही दिसणार नाही.

मग आली 202. जोव्हान्नी साव्होनुत्सी या इंजिनिअरने तिची पुढची बांधणी पाहिली आणि अंगावरचा पत्रा चढवण्याचं काम बातिस्ता फारिनाकडे गेलं. अकरा भावंडांतला हा दहावा. अंगाने लहानखुरा, म्हणून घरचं नाव पिनिन. 1961 मध्ये इटलीच्या राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने त्याचं आडनावच पिनिनफारिना झालं. घरातल्या लाडाच्या नावाला सरकारी शिक्का मिळालेली अशी माणसं थोडीच. 1947 च्या सप्टेंबरात कोमो तळ्याकाठच्या व्हिला देस्ते या आलिशान हॉटेलात मोटारींच्या सौंदर्याची स्पर्धा भरली, तिथे ही बंद टपाची 202 लोकांनी पाहिली. त्या सप्टेंबरात जालना निजामाच्या राज्यात होतं. हिंदुस्थान स्वतंत्र होऊन महिना झाला होता आणि मराठवाड्याला आणखी वर्षभर रझाकारांच्या सावलीत काढायचं होतं. ही दोन दृश्यं एकाच महिन्यातली आहेत यावर माझा अजून पुरता विश्वास बसत नाही.

पिनिनने नेमकं काय केलं ते समजायला त्याआधीच्या गाड्या डोळ्यांपुढे आणाव्या लागतात. मधे उंच पेटीसारखं बॉनेट, दोन्ही बाजूंना वेगळे जोडलेले मडगार्ड, मडगार्डच्या खोबणीत उभे दिवे, खाली पाय ठेवायला फळी, मागे डकवलेली डिकी. जुन्या हिंदी सिनेमातल्या जमीनदाराची गाडी ती हीच. तिचे भाग मोजता येतात. सुतार जसे जोडून ठेवतो तसे ते जोडलेले असतात. चिसितालियात मोजता येत नाही. मडगार्ड संपून दरवाजा कुठे सुरू होतो हे बोटाने दाखवता येत नाही, कारण पत्रा थांबतच नाही. बॉनेट दोन्ही बाजूंच्या मडगार्डांपेक्षा खाली गेलंय, त्यामुळे पुढचं तोंड जमिनीकडे झुकतं. दिवे मडगार्डच्याच नाकाशी रुतवलेत. टप मागे उतरत उतरत शेपटापर्यंत जातो आणि मागच्या चाकांवर पत्रा किंचित फुगतो, तेवढाच. अंगावर चिकटवलेलं असं जवळजवळ काही नाही. बाजूला छोट्या गोल झरोक्यांची एक ओळ आहे, आणि पुढे उभ्या पट्ट्यांची लंबगोल जाळी. जाळीबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. समोरून गाडी थोडी अचंबित दिसते, ओठ विलग झालेल्या माणसासारखी. बाजूने आणि मागच्या तिरप्या कोनातून मात्र तिला तोड नाही.

हा पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा आणि हाताने ठोकलेला. लाकडी साच्यांवर ठेवून, हातोडीने थोडा थोडा ताणत आणि आवळत त्याला गोलाई द्यायची. खाली पातळ नळ्यांचा सांगाडा. दोन कार्बोरेटर लावून, कॉम्प्रेशन वाढवून फियाटच्या त्या 32 अश्वशक्तीच्या इंजिनातून पन्नासच्या पुढे ताकद काढली होती. एवढ्याशा ताकदीवर गाडी ताशी 160 किलोमीटरच्या आसपास जायची, याचं श्रेय इंजिनाइतकंच हलकेपणाला आणि वाऱ्याला न अडवणाऱ्या अंगाला आहे. मोठं इंजिन परवडत नव्हतं म्हणून आकाराला काम करावं लागलं. गरिबीतून आलेली ही सुबकता आहे, हे विसरून तिच्याकडे पाहिलं तर ती नुसती श्रीमंतांची खेळणी वाटते. खेळणी ती होतीच म्हणा. सगळ्या मिळून पावणेदोनशेच्या आतबाहेर बनल्या.

त्याच 1947 च्या जूनमध्ये मिल्ले मिल्या ही भर रस्त्यावरची, सुमारे 1800 किलोमीटरची शर्यत होती. नुवोलारी उघड्या टपाची 202 घेऊन उतरला. वय चोपन्न, फुप्फुसं कामातून गेलेली. समोर जवळजवळ तिप्पट सीसीची अल्फा रोमिओ. आणि हा म्हातारा आपल्या 1089 सीसीवर बराच वेळ पहिल्या नंबरला होता! मग धो धो पाऊस आला. उघडी गाडी भिजली, इंजिन मिसिंग मारायला लागलं आणि बंद टपाच्या अल्फातला बियोंदेत्ती पुढे निघून गेला. नुवोलारी दुसरा आला. पावसाळ्यात देऊळगावराजाच्या रस्त्याला बॉनेट उघडून, डिस्ट्रिब्युटरची टोपी शर्टाच्या टोकाने पुसत उभे असलेले किती तरी फियाटवाले मी पाहिले आहेत. दुखणं एकाच घराण्याचं.

दुझिओचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण गोष्ट ओळखीची आहे. छोट्या गाड्या बऱ्या चालल्या असताना त्याने ग्रां प्रीसाठी एक प्रचंड गुंतागुंतीची बारा सिलिंडरची गाडी पोर्शे यांच्या कचेरीकडून आखून घेतली. तिने सगळा पैसा गिळला. कंपनी बुडाली आणि दुझिओ अर्जेंटिनाला निघून गेला. आमच्या मोंढ्यातला कुठलाही अडत्या त्याला आधीच सांगू शकला असता की चालतं दुकान मोडून हत्ती घेऊ नये.

1951 मध्ये म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आठ मोटारींचं प्रदर्शन भरवलं. आर्थर ड्रेक्सलर या तरुण अभ्यासकाने मोटार हे चाकांवर फिरणारं पोकळ शिल्प आहे अशी मांडणी तिथे केली आणि चिसितालिया त्या आठांत होती. तिच्या शेजारी बेंटली, मर्सिडीज अशी खानदानी मंडळी होती आणि एक जीपही होती. मला या प्रदर्शनाबद्दल आदर वाटतो तो जीपमुळे. मराठवाड्यात जीप म्हणजे तहसीलदार, पुढारी आणि लग्नाचं वऱ्हाड. तिला कुणी सुंदर म्हटल्याचं मला आठवत नाही. पण सपाट पत्रे, सरळ कडा, जे लागतं तेवढंच. चिसितालियातही लागतं तेवढंच आहे, फक्त ते गोल आहे. दोघींना एका खोलीत ठेवणाऱ्याची नजर पक्की असणार.

आता आपल्या फियाटकडे येतो. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभारली. जहाज, विमान आणि मोटार हे तिन्ही या देशात बनलं पाहिजे असा हट्ट धरणारा हा माणूस. पण 1953 च्या एप्रिलमध्ये ते गेले, म्हणजे फियाट 1100 त्यांच्या कारखान्यातून निघालेली त्यांनी पाहिली नाही. इटलीत 1953 साली आलेलं 1100 चं ते नवं रूप तोपर्यंत वेगळे मडगार्ड सोडून आलं होतं. पत्रा पुढून मागे सलग. चिसितालियाची कल्पना सहा वर्षांत झिरपत झिरपत कारकुनाच्या मोटारीपर्यंत पोचली होती, पण वाटेत तिची कंबर बरीच रुंद झाली. आपल्या लोकांनी त्या गोलमटोल गाडीला ‘डुक्कर फियाट’ म्हटलं आणि ते नाव तिला असं बसलं की आजही जुन्या मोटारींचे शौकीन विकत घेतानासुद्धा तेच वापरतात.

जालन्यात या गाड्या मोजक्याच. जिनिंगवाले, अडते, एखाददुसरे डॉक्टर आणि आमचे वकील मामा. मामांची सुपर सिलेक्ट होती. तिची पुढची दारं उलटी उघडायची, बिजागऱ्या मागच्या बाजूला. आजी नऊवारीचा घोळ सावरत तिच्यातून जितक्या ऐटीत उतरायची तितक्या ऐटीत पुढे कुठल्याच गाडीतून तिला उतरता आलं नाही. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढची सीट सलग बाकासारखी, म्हणून पुढे तिघं बसायचे आणि मधल्याने गुडघे आवळून धरायचे. दाराच्या काचेपुढची ती त्रिकोणी काच एप्रिल-मे महिन्यांत सगळ्या गाडीचं भाग्य ठरवायची. ती फिरवली की वारा थेट तोंडावर. वातानुकूलित गाडीत बसून ज्यांनी बदनापूरचा रस्ता पाहिला त्यांना त्या काचेचं महत्त्व कळणं कठीण आहे.

इटलीने 1100 बनवणं 1969 मध्ये थांबवलं. आपण पुढे तीस वर्षं बनवत राहिलो. परवाना, कोटा, आयातबंदी, नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघणारे लोक, यांमुळे आकार गोठला. 1964 ची डिलाइट आणि 1990 ची पद्मिनी समोरासमोर उभ्या करा. जाळी आणि दिवे सोडले तर फरक शोधावा लागेल. याला मागासलेपण म्हणायची पद्धत आहे आणि ते खरंही आहे. पण आकार गोठला म्हणून एक गोष्ट झाली. गाडीचं अंगांग ओळखणारी माणसं गावोगाव तयार झाली. तोच वळसा, तोच कोपरा तीस-चाळीस वर्षं हाताखालून गेला तर हात विसरणार कसा?

मंठा चौफुलीकडच्या एका शेडमध्ये चाचा आहेत. गाव त्यांना डेंटर म्हणून ओळखतं, पण तरुणपणी इंजिनंही त्यांनी खोललेली आहेत. चेपलेलं मडगार्ड त्यांच्याकडे आलं की ते आधी काही करत नाहीत, पत्र्याशी बसतात. मग आतल्या बाजूने लोखंडी डॉली धरतात आणि बाहेरून लाकडी हातोडीने चेपलेल्या जागेच्या कडेकडेने टपोरे घाव घालतात. मधोमध कधीच नाही. मधे मारलं तर पत्रा ताणतो, आणि ताणलेला पत्रा पुन्हा आवळणं सोपं नसतं. त्याला गॅसने तापवून, ओल्या फडक्याने एकदम थंड करून गोळा करावा लागतो. घावाच्या आवाजावरून खाली डॉली टेकली आहे की नाही ते कळतं. टेकली असेल तर खणखणीत, नसेल तर बद्द. काही वेळाने चाचा हातोडी ठेवतात आणि डोळे दुसरीकडे लावून तळहात पत्र्यावरून फिरवतात, तापलेल्या पोराचं अंग चाचपावं तसा. डोळ्यांना जे खळगे दिसत नाहीत ते तळहाताला लागतात. नवी पोरं सरळ लांबी भरून, घासून, रंग मारून मोकळी होतात. चाचांना लांबी भरणं म्हणजे खोटं बोलणं वाटतं. भरतात, पण नखाएवढी.

तोरिनोच्या पत्रा ठोकणाऱ्यांबद्दल मी जे वाचलं ते याहून निराळं नव्हतं. तिथे लाकडी साचा होता आणि पिनिन होता. इथे साचा चाचांच्या हातात आहे आणि पिनिन नाही. हा फरक लहान नाही, तो पुसून टाकायची मला घाई नाही. नवा आकार कल्पणं आणि असलेला आकार परत आणणं ही दोन कामं वेगळीच. पण दुसऱ्या कामाला कलेच्या कुठल्या इमारतीत जागा मिळत नाही आणि गावात मजुरी मिळते तीही तासांवर.

औद्योगिक वसाहतीतल्या एका भंगार यार्डात ओळखीने जायला मिळालं होतं. तिथे क्रेनला मोठं गोल विद्युतचुंबक टांगलेलं असतं. बटण दाबलं की खालचा ढीग त्याला बिलगतो, सोडलं की भट्टीकडच्या ढिगावर कोसळतो. त्याआधी माणसं माल निवडतात. वायरिंग, मोटारीची आर्मेचरं, जे जे तांब्याचं ते बाजूला. तांबं पोलादात उतरलं तर तापलेलं बिलेट लाटताना त्याला भेगा पडतात. शॉकअ‍ॅब्सॉर्बरसारखी बंद नळकांडीही बाजूला, कारण आत अडकलेलं तेल नाहीतर हवा भट्टीत स्फोट करते. मग भट्टी. सोळाशे अंशांच्या आसपास पोचलेल्या त्या पांढऱ्या रसाकडे साध्या डोळ्यांनी बघवत नाही. लॅडलमधून रस कास्टिंग मशिनमध्ये जातो, बिलेट होऊन निघतो, रोलिंगच्या स्टँडांतून लांब लांब होत सळई बनतो आणि शेवटी पाण्याच्या फवाऱ्यात बाहेरून कडक, आतून लवचीक होतो.

तिथे उभं राहून मी मनातल्या मनात पद्मिनीचा हिशेब केला. गाडी सुमारे नऊशे किलोची. काच, रबर, गाद्या, इतर धातू वजा जाता सहाशे किलो लोखंड धरू. सळईचं मीटरला वजन काढायचं सूत्र इथल्या प्रत्येक साइटवरच्या पोराला येतं, व्यासाचा वर्ग भागिले 162. बारा मिलिमीटरची सळई मीटरला 0.889 किलो, बारा मीटरचा गज साडेदहा किलोच्या थोडा वर. एका पद्मिनीचे पंचावन्न-छप्पन्न गज. दोनेक खोल्यांचा स्लॅब होईल. वाईट काहीच नाही. डोक्यावर छप्पर ही मोटारीपेक्षा मोठी गरज आहे. 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे बंद झाल्या तेव्हा वर्तमानपत्रांनी निरोपाचे लेख छापले. त्याआधी भंगारात गेलेल्या हजारो टॅक्सींपैकी काहींचं लोखंड आमच्या भट्ट्यांतून फिरून परत मुंबईच्याच इमारतींत गेलं असेल, तर त्यात नवल नाही.

मग चिसितालियाचा हिशेब केला आणि हसू आलं. तिला त्या चुंबकाखाली ठेवली तर तिचं अंग उचललंच जाणार नाही. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक धरत नाही. पिनिनने घडवलेला तो सगळा वळसा, तो झुकता पुढचा भाग, मागच्या चाकावरची ती फुगवटी चुंबकाला दिसणारही नाही. त्याला दिसेल नळ्यांचा सांगाडा, अ‍ॅक्सल आणि बीडाचा इंजिन ब्लॉक. 68 आणि 75. म्हणजे तिच्यातलं आपलं तेवढं नेमकं उचलून भट्टीत जाईल आणि त्यांचं तेवढं जमिनीवर राहील.

आकार वाचवायचा एक कायदेशीर रस्ता आता झाला आहे. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियम बदलले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटून गेलेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते; नंबरात व्हीए ही अक्षरं, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, आणि रोजच्या कामाला वापरायची नाही. नियम चांगला आहे, फक्त तो शहरातल्या शौकिनांना डोळ्यांपुढे ठेवून केलेला वाटतो. ‘मूळ रूपात’ ही अट जालन्यातल्या कुठल्या फियाटला पाळता आली असती? इथे गाडी चालत राहावी म्हणून जे मिळेल ते बसवलं जायचं. कार्बोरेटर भलत्याच गाडीचा, डायनॅमोच्या जागी ट्रॅक्टरचा अल्टरनेटर, सीटचं कापड शाळेच्या पडद्याचं. साठ वर्षं रोज राबलेली गाडी मूळ रूपात राहत नसते. राहिली असेल तर ती उभी होती.

इटली मात्र जालन्यातून गेलेली नाही. बारामतीला बनणारी पियाजिओची आपे रिक्षा भोकरदनपासून परतूरपर्यंत माणसं, मोसंबी आणि शेळ्या वाहते आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत इथल्या भाड्याच्या डिझेल स्विफ्टमध्ये फियाटचंच 1.3 लिटरचं मल्टिजेट इंजिन असायचं. बॉनेटवर नाव दुसऱ्याचं, आत तोरिनोची विद्या. आपल्याकडे इटली कायम पोटातूनच आली, अंगावरून कधी आली नाही.

चिसितालियाचे फोटो मी चाचांना मोबाइलवर दाखवले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी बाजूचा फोटो बोटांनी मोठा केला, मडगार्डपासून शेपटापर्यंत अंगठा काचेवरून ओढत नेला आणि पुन्हा उलटा आणला.

“जोड कुठं हाय याला?”

“दिसत नाही.”

“दिसत न्हाई म्हणजे झाळ मारून घासलाय. पण घासनारा उस्ताद हाय.” मग एकदम, “इंजिन दाखव.”

इंजिनाचा फोटो पाहिल्यावर ते जरा थांबले. दोन कार्बोरेटर पाहून त्यांनी नापसंतीने जीभ वाजवली. डिस्ट्रिब्युटर कुठे बसलाय ते पाहिलं, टॅपेट कव्हर पाहिलं.

“हे तं आपलीच फियाट हाय ना भाऊ.”

ही गाडी अमेरिकेत कलासंग्रहालयात आहे, तिला कुणी चालवत नाही, हे मी सांगितलं. चालवत नाहीत हे त्यांना पटलं नाही. गाडी जमिनीपासून किती उंच आहे असं त्यांनी विचारलं. फार नाही, वीतभरसुद्धा नसेल, मी म्हणालो.

“तं आपल्या अंबड रोडला पहिल्याच गतिरोधकावर चेंबर फुटंल तिचं.” मोबाइल माझ्या हातात देऊन ते शेडच्या मागच्या बाजूला गेले. पत्र्याच्या फळीवरचं, गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी ओढून काढलं. “हे बघ. सुपर सिलेक्टचं हाय, तुझ्या मामाच्या गाडीचं. भंगारवाला दर दिवाळीला मागतो, मी देत न्हाई. त्यायला सांग, फुटलं तं हाय म्हनावं एक. बोल्टाची भोकं तेवढी बसतेत का बघून घ्यावं लागंल.”